गोळी वेगळी, गोष्ट वेगळी



या वेळच्या संपादकीयासाठी विषय शोधावा लागला नाही. तो आपल्याच व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. दर काही महिन्यांनी कोणीतरी एक बातमी पुढे ढकलतं : ‘नैराश्याचा आणि सेरोटोनिनचा काही संबंध नाही, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, गोळ्या म्हणजे कंपन्यांची लूट!’ खाली अंगठे आणि टाळ्या पडतात. एखादे डॉक्टर सभासद चिडून चार ओळी लिहितात, कोणीतरी प्राणायामाचा व्हिडिओ टाकतं आणि गाडी क्रिकेटकडे वळते. त्या गटात तीन-चार माणसं मात्र गप्प असतात. ती रोज सकाळी चहाबरोबर सर्ट्रालीन किंवा सिटॅलोप्रामची गोळी घेत असतात आणि घरातल्या एखाद्या माणसाखेरीज ते कोणाला ठाऊक नसतं. हे संपादकीय मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

ही माणसं थोडीथोडकी नाहीत. २०२३-२४ या एका वर्षात इंग्लंडात सुमारे ८७ लाख लोकांना एनएचएसमार्फत नैराश्यविरोधी औषधं लिहून दिली गेली. म्हणजे साधारण दर सहा-सात माणसांमागे एक. (सगळ्यांनाच नैराश्यासाठी नव्हे. काहींना चिंताविकारासाठी, काहींना जुनाट दुखण्यासाठी.) मी मिडलंड्समधल्या एका फार्मसीत काम करते. आपली माणसं काउंटरशी आली की आधी मागे कोणी ओळखीचं नाही ना ते बघतात, मग आवाज खाली आणून मराठीत विचारतात, ‘हिची सवय लागते का हो? कधी सोडता येईल?’ आणि अलीकडे, ‘सेरोटोनिनचं सगळं खोटं निघालं म्हणे. मग मी हे का घेतोय?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका ओळीत मिळत नाही, म्हणून जरा मुळापासून सुरुवात करते.

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या मुंबईत जातो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर तिचा काय उपयोग होतो हे तपासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष तिकडे वेधलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. पुढे १९५५ साली अमेरिकेत असं आढळलं की रेसर्पिन दिल्यावर सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. त्याच सुमारास रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी येऊ लागल्या. दोन आणि दोन चार झाले : सेरोटोनिन उतरलं की मन उतरतं!

पण त्याच १९५५ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड या दोघांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेसर्पिन देऊन, दुसऱ्या गटाला नुसती बिनऔषधी गोळी देऊन रीतसर तुलना केली. रेसर्पिन घेणाऱ्यांना उलट बरं वाटलं. हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि बहुतेक जण तो विसरून गेले. सोपी गोष्ट एकदा डोक्यात बसली की तिला न जुळणारा पुरावा अडगळीत जातो, हे आपल्याला इतर क्षेत्रांतही चांगलं ठाऊक आहे. अलीकडच्या परीक्षणांतही रेसर्पिन आणि नैराश्य यांचा संबंध पक्का ठरलेला नाही.

सेरोटोनिनची कल्पना रीतसर मांडली ती याच देशात. ॲलेक कॉपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवलं की ट्रिप्टोफॅन (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं) जोडीला दिलं तर त्या काळातल्या एका प्रकारच्या औषधांचा गुण वाढतो. १९६७ साली कॉपेन यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त विस्तृत आढावा घेतला. संशोधकांसाठी ते तपासून बघायचं गृहीतक होतं. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रोझॅक आलं, त्यामागून त्याची भावंडं आली, आणि त्या गृहीतकाची जाहिरात झाली : ‘तुमच्या मेंदूत एक रसायन कमी पडलंय, गोळी ते भरून काढते, मधुमेहात इन्शुलिन देतात तसं.’ डॉक्टरांनाही हे वाक्य सोयीचं होतं. दहा मिनिटांच्या भेटीत बसतं.

आता मेंदूत खरोखर काय घडतं ते पाहू.

मेंदूच्या देठाशी पेशींचे काही लहान पुंजके आहेत. तिथून निघालेले तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरतात आणि टोकाशी सेरोटोनिन सोडतात. पलीकडच्या पेशीवर ते ओळखणारे रिसेप्टर असतात, कुलपासारखे. या कुलपांचे किमान चौदा प्रकार माहीत आहेत आणि प्रत्येकाचं काम निराळं. सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेणारा एक वाहक असतो. एसएसआरआय जातीच्या गोळ्या त्या वाहकाला अडवतात. हे काही तासांत घडतं. मग बरं वाटायला आठवडे का लागतात?

याचं एक उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांतून आलं. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीच्या स्वतःच्या अंगावरही एक रिसेप्टर असतो, त्याचं नाव ५-एचटी-१ए. तो लगामाचं काम करतो. बाहेर सेरोटोनिन वाढलं की पेशीला म्हणतो, पुरे. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस त्या पेशी उलट मंदावतात. दोन-तीन आठवड्यांत हा लगाम सैल पडतो आणि पेशी पुन्हा पूर्वीच्या वेगाने काम करू लागतात. मांडणी सुबक आहे. पण माणसात असंच होतं का?

ते बघण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न लंडन आणि ऑक्सफर्ड यांनी मिळून केला. हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या आवारात १९५५ सालापासून सायक्लोट्रॉन होता. त्यात तयार होणारा किरणोत्सारी कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून यंत्र रुग्णाच्या जवळच असावं लागतं. असा कार्बन जोडलेलं, १ए रिसेप्टरला चिकटणारं द्रव्य अत्यल्प प्रमाणात शिरेतून देऊन पेट स्कॅन काढला की ते रिसेप्टर मेंदूत कुठे किती आहेत याचा नकाशा मिळतो. पीटर सार्जंट, फिलिप कॉवेन, पॉल ग्रॅस्बी आणि सहकाऱ्यांनी २५ नैराश्यग्रस्त रुग्ण आणि १८ निरोगी माणसं तपासली. त्यांतल्या दहा रुग्णांचे स्कॅन गोळी सुरू होण्याआधी आणि गोळी चालू असताना, असे दोनदा झाले. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या मेंदूत या द्रव्याचं चिकटणं बहुतेक सगळ्या भागांत कमी होतं. आणि गोळी चालू असतानाही ते तसंच कमी राहिलं.

म्हणजे माणसं औषधावर होती, पण रिसेप्टरांचा नकाशा हलला नव्हता. त्याच गटाने २००४ साली पूर्ण बऱ्या झालेल्या, गोळ्या सोडलेल्या पुरुषांचे स्कॅन प्रसिद्ध केले. त्यांच्यातही चिकटणं कमीच. मग ही आजाराची खूण, आजार होऊ शकेल अशा घडणीची खूण, की आजाराने मागे ठेवलेला वण? तेवढ्यात न्यूयॉर्कच्या एका गटाने २००६ साली नेमकं उलट सांगितलं : कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांत १ए जास्त आढळतात. मोजमापाची पद्धत बदलली की उत्तर बदलतं, असं यातून दिसलं. शिवाय स्कॅन कुलपं मोजतो, कुलूप किती सहज उघडतं ते त्याला दिसत नाही. आणि हा रिसेप्टर लगामाचा असल्यामुळे ‘तो कमी’ याचा अर्थ ‘सेरोटोनिन जास्त’ असाही लावता येतो!

आणखी दोन पुरावे सांगते. १९९७ साली ऑक्सफर्डमध्ये, नैराश्यातून बऱ्या झालेल्या आणि गोळ्या बंद केलेल्या १५ स्त्रियांना ट्रिप्टोफॅन नसलेलं पेय देऊन सेरोटोनिनचा कच्चा माल काही तासांपुरता तोडण्यात आला. १५ पैकी दहा जणींना खिन्नतेची लक्षणं तात्पुरती परत आली. ज्यांना कधी हा आजार झालेला नाही, अशा माणसांत सहसा असं होत नाही. नंतर २०२२ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने १७ रुग्ण आणि २० निरोगी माणसांत, एका औषधाने सेरोटोनिनची लाट उठवली तर ती किती उठते, हे २ए नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरवरून मोजलं. रुग्णांत लाट कमी उठली. प्रयोग लहान होता आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांचा गट गेली अनेक वर्षं याच रिसेप्टरांवर प्राण्यांत काम करतो आहे. २०१९ साली त्यांनी दाखवलं की सेरोटोनिन २ए रिसेप्टरमार्फत मेंदूतल्या पेशींच्या ऊर्जाकेंद्रांची संख्या वाढवतं. पेशीला ताण सोसायला त्याने बळ मिळतं. निरोप पोचवणारं हे रसायन पेशीची डागडुजीही करतं, असा त्याचा अर्थ. ‘टाकी रिकामी, टाकी भरा’ या चित्रात हे कुठे बसवायचं?

आता व्हॉट्सॲपवरच्या त्या बातमीकडे येऊ. जुलै २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोॲना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी ‘मॉलिक्युलर सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आधीच्या परीक्षणांचं एक मोठं परीक्षण छापलं. निष्कर्ष असा की, सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं याला सातत्यपूर्ण पुरावा नाही. २०२३ साली तीसहून अधिक संशोधकांनी त्याच नियतकालिकात त्यांच्या पद्धतीतल्या उणिवा दाखवल्या. वाद चालू आहे. पण आपल्या गटांत पुढे ढकलताना एक गोष्ट गळून पडली. त्या परीक्षणाने गोळ्यांचा गुण येतो की नाही, हे तपासलेलंच नव्हतं. आणि गोळ्या अचानक थांबवू नका, असं मॉनक्रिफ स्वतःही सांगतात.

म्हणून म्हणते, गोष्ट वेगळी आणि गोळी वेगळी. डोकेदुखी पॅरासिटॅमॉलने थांबते, म्हणून पॅरासिटॅमॉलच्या अभावाने ती सुरू झाली असं कोणी म्हणत नाही. तसंच, सेरोटोनिनची गोष्ट फसली म्हणून गोळी निकामी ठरत नाही. तिची परीक्षा निराळी, आणि ती झालेली आहे. ऑक्सफर्डच्या आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने २०१८ साली ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर रुग्ण एकत्र करून २१ औषधं पाहिली. मध्यम ते तीव्र नैराश्यात सगळीच बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक माफक आहे. २०१९ साली जीपींकडे येणाऱ्या साडेसहाशे रुग्णांवरच्या पांडा चाचणीत सर्ट्रालीनने सहा आठवड्यांत नैराश्याची लक्षणं फारशी हलली नाहीत, चिंता मात्र कमी झाली. सरासरीच्या आड कोणाला खूप गुण येतो, कोणाला अजिबात नाही.

गुण येतो तो कसा? ऑक्सफर्डच्या कॅथरिन हार्मर यांची मांडणी मला पटते. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच, माणसाला स्वतःला जाणवण्याच्या आधी, त्याचं जगाकडे बघणं किंचित बदलतं. समोरच्या चेहऱ्यावरचा राग थोडा कमी टोचतो, चांगला शब्द थोडा जास्त लक्षात राहतो. मग रोजच्या व्यवहारातून, भेटीगाठींतून मन हळूहळू वर येतं. हे खरं असेल तर एक परिणाम ओघाने येतो : गोळी खिडकी उघडते, पण बाहेर बघण्यासारखं काही असावं लागतं. चांगला शब्द कानावरच पडत नसेल, तर तो लक्षात राहणार कसा?

इथे आपला, म्हणजे स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा, संबंध येतो. आपल्यातल्या काहींना ‘रसायन’ ही गोष्ट हवीहवीशी वाटली, आणि त्याला कारण होतं. ‘वेड’, ‘नाटकं’, ‘मनाचा कमकुवतपणा’ यांपेक्षा ‘मेंदूतलं रसायन’ हे शब्द सासूबाईंना सांगायला बरे पडतात. लाजेवर तो एक उतारा होता. पण त्याची किंमतही मोजावी लागली. सगळं रसायनावर टाकलं की घरातल्या आणि बाहेरच्या गोष्टी विचारायची गरज उरत नाही. लंडनच्याच कॅम्बरवेलमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास करून १९७८ साली पुस्तक लिहिलं. आयुष्यात आघात झाला आणि मन मोकळं करायला जवळचं कोणी नसलं, घराबाहेर काम नसलं, पदरात तीन-चार लहान मुलं असली, तर धोका वाढतो, हे त्यांनी दाखवलं. नवऱ्याच्या व्हिसावर स्लाव किंवा हाउन्स्लोला आलेली, पदवी ट्रंकेत ठेवून दोन खोल्यांत दिवस काढणारी आपली मुलगी या वर्णनात कुठे बसते, ते सांगायला नको. साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या आणि इथल्या डॉक्टरांना नको असलेल्या मनोविकार नि वार्धक्य विभागांत आयुष्य घालवलेल्या आपल्या डॉक्टरांपैकी कित्येक आज मोठ्या घरात एकटे आहेत. त्यांनाही गोळीबरोबर कोणीतरी बोलणारं हवं.

दुसरं टोकही तितकंच वाईट. ‘सगळं समाजामुळे होतं, गोळ्या ही भांडवलशाहीची अफू’ असं फेसबुकवर लिहिणं सोपं असतं. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतात, त्याला हे व्याख्यान ऐकवणं ही क्रूरता आहे. चिकित्सा जाहिरातीची करावी, रुग्णाची करू नये.

सर्वांत मोठा धोका गोळी अचानक बंद करण्यात आहे. सिटॅलोप्रामचं उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमला मेंदूतले सुमारे ८० टक्के वाहक अडवले जातात. डोस पाच-साडेपाचवर आणला तरी सुमारे ६० टक्के अडलेलेच असतात. २० टक्क्यांवर यायला एक मिलिग्रॅमच्याही खाली जावं लागतं. म्हणजे शेवटची लहानशी गोळी बंद करणं ही मेंदूच्या दृष्टीने सर्वांत मोठी उडी असते. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली हे मांडलं. एक दिवसाआड गोळी घेऊन सोडण्याची जी पद्धत आपल्याकडे चालते, तिने रक्तातली पातळी खालीवर हेलकावे खाते, म्हणून तीही बरी नव्हे. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’तल्या एका मोठ्या परीक्षणानुसार औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं जाणवली, पण बिनऔषधी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना जाणवली. तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना झाला. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं ही ती लक्षणं. ‘आजार परत आला’ किंवा ‘व्यसन लागलं’ असं समजून माणसं घाबरतात.

आजार खरोखर परत येऊ शकतो, हेही सांगायला हवं. २०२१ च्या अँटलर चाचणीत दीर्घकाळ गोळी घेणारी, बरं वाटणारी माणसं होती. ज्यांची गोळी हळूहळू थांबवली त्यांतल्या ५६ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य पुन्हा आलं. ज्यांची चालू ठेवली त्यांत ३९ टक्क्यांना. याचा अर्थ, सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के बरे राहिले आणि चालू ठेवूनही बऱ्याच जणांना आजार गाठतोच. निर्णय ज्याचा त्याने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा, मात्र आकडे समोर ठेवून.

तेव्हा चार कामाच्या गोष्टी.

एक : गोळी सोडायची असेल तर जीपी किंवा फार्मसिस्टशी बोला. लहान लहान पायऱ्या, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. शेवटच्या टप्प्यासाठी काही औषधं द्रवरूपात मिळतात. रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्टस्‌ची याबद्दलची माहिती संकेतस्थळावर आहे.

दोन : गोळी सुरू करताना विचारा की, ही कशासाठी, किती काळ, आणि परत कधी तपासायचं? सौम्य नैराश्यात पहिला उपाय म्हणून सरसकट गोळी देऊ नये, रुग्णाला स्वतःला हवी असेल तर गोष्ट वेगळी, असं २०२२ ची नाइसची मार्गदर्शिका सांगते. समुपदेशन, व्यायामाचे गट असे पर्याय आहेत. इंग्लंडात एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. आई-बाबांना इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागा, तो मोफत असतो. मुलाला किंवा नातवाला दुभाषा करू नका. त्याच्यासमोर कोणती आजी मन मोकळं करेल?

तीन : पुण्याहून सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेतून आणत असाल तर इथल्या जीपीला सांगा. ट्रामाडॉल, मायग्रेनची काही औषधं आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती या गोळ्यांबरोबर घातक ठरू शकतात. पंचविशीच्या आतल्या मुलांवर पहिले काही आठवडे विशेष लक्ष ठेवा.

चार : मनात मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. इंग्लंडात १११ लावून २ दाबलं की मानसिक आरोग्याची मदत मिळते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ९९९.

आणि गटातल्या बाकीच्यांना एक विनंती. पुढच्या वेळी ती बातमी आली की ढकलण्यापूर्वी ती कोण कोण वाचणार आहे, हे क्षणभर आठवा. ‘मीही घेतो’ असं एकाने जरी लिहिलं, तरी त्या तीन-चार गप्प माणसांना कुठल्याही स्कॅनपेक्षा ते जास्त कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
संपादक